वायरीची किंमत झाकून ऐका

आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाकडे श्रवणकक्षासाठी थोडा निधी आला होता. जुना सीडी प्लेअर, बऱ्यापैकी अ‍ॅम्प्लिफायर आणि देणगीदाखल मिळालेले दोन स्पीकर आधीच होते. म्हणून आलेल्या पैशांत काव्यवाचनाच्या आणि शास्त्रीय गायनाच्या ध्वनिमुद्रिका घ्याव्यात, असा आमचा विचार होता. परंतु एका सहकाऱ्यांनी प्रस्ताव मांडला की, प्लेअर व अ‍ॅम्प्लिफायर यांना जोडणारी दीडशे रुपयांची वायर आधी बदलावी आणि 'स्वस्तातली सर्वोत्तम' म्हणून वाखाणलेली साडेतीन हजारांची जोडी आणावी. प्रस्ताव संमत झाला. ध्वनिमुद्रिकांची यादी पुढील वर्षावर गेली. आमचे भांडण त्या निर्णयाशी आहेच, पण त्याहून अधिक तो ज्या भाषेत संमत झाला तिच्याशी आहे.

वायरीच्या समर्थनार्थ जी परीक्षणे वाचून दाखवण्यात आली, त्यांत तिचा आवाज 'उबदार' होता, 'मखमली' होता, 'पारदर्शक' होता आणि त्याला 'काळीभोर पार्श्वभूमी' होती. हा शेवटचा प्रयोग तर सरळ इंग्रजीतून उचललेला. मराठीचे अध्यापक हे ऐकून माना डोलावतात, याचे आम्हांला अधिक दुःख झाले. नादाच्या गुणाविषयी नेमके बोलणारे शब्द आपल्याकडे नाहीत काय? मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी खुली आहे की बंद, असे म्हणतो तेव्हा तो घोडीच्या घासणीविषयी बोलत असतो. तारेखालचा दोरा किंचित सरकवला की नाद पालटतो, आणि तो पालटला हे शेजारी बसलेल्या नवशिक्यालाही कळते. तिथे शब्दामागे हाताची कृती आहे. 'मखमली'च्या मागे आम्हांला किमतीच्या चिठ्ठीखेरीज काही सापडले नाही.

वायर काय करते, हे भौतिकशास्त्र विभागातील कोणीही दहा मिनिटांत सांगेल. सीडी प्लेअरमधून निघणारा संदेश कमाल सुमारे २ व्होल्टचा. मीटरभर वायरीचा रोध ओहमच्या अंशात मोजावा लागतो, तर पलीकडे अ‍ॅम्प्लिफायरचा रोध दहा हजार ओहम किंवा त्याहून जास्त. तिची धारिता मीटरला १०० पिकोफॅरड धरली आणि प्लेअरच्या बाजूचा रोध १,००० ओहम धरला, तरी ती ज्या वारंवारतेपासून स्वर लक्षणीय दाबू लागेल ती सुमारे १६ लाख हर्ट्‌झ येते. माणसाचा कान २०,००० हर्ट्‌झच्या आसपास थांबतो. चाळिशी उलटलेल्या आमचा तर बराच आधी.

वायरीवायरींत काहीच भेद नसतो, असे मात्र आम्ही म्हणत नाही. आतल्या तारेभोवतीची जाळी विरळ असेल आणि वायर विजेच्या तारांलगत गेली असेल, तर ५० हर्ट्‌झची घरघर शिरते. ती ऐकू येत असेल तर वायर जरूर बदलावी. चुंबकीय पिकअप असलेल्या तबकडी-प्लेअरमध्ये वायरीची धारिता वरच्या स्वरांवर खरोखर परिणाम करते. पण आमच्याकडे घरघर नव्हती आणि तबकड्याही नव्हत्या. होती ती नाशिकच्या चार पावसाळ्यांत काळवंडलेली पिन. पिन काढून पुन्हा घातली की तिच्यावरचा थर घासला जातो. म्हणजे जुनीच वायर काढून पुन्हा लावली असती, तरी 'फरक' पडला असता. शिवाय नवी वायर लावल्यावर आवाजाची कळ कोणीतरी थोडी पुढे फिरवली होती, आणि किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो.

कळस पुढेच आहे. नव्या वायरीची परीक्षा द. वि. पलुस्करांच्या गायनावर झाली. विष्णु दिगंबरांनी नाशिकला रामनाम आधार आश्रम स्थापन केला. त्यामुळे पलुस्कर हे नाव आपल्याकडे घरातलेच. बापूरावांचा स्वर ऐकून सहकारी म्हणाले, "पाहा, मंच कसा डावी-उजवीकडे रुंदावला!" बापूराव १९५५ साली गेले, स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ साली. त्या ध्वनिमुद्रणात डावे-उजवे मुळात नाहीच. जे मुद्रितच झाले नाही, ते साडेतीन हजारांच्या वायरीने ऐकवले! संहितेत नसलेला अर्थ प्रस्तावनेवरून 'जाणवणाऱ्या' वाचकाला आपण वर्गात काय म्हणतो, ते आठवावे.

म्हणून आम्ही साधी कसोटी सुचवली. यंत्रावर चादर टाकावी. एकाने नाणे उडवून नवी किंवा जुनी वायर लावावी आणि खोलीबाहेर जावे. दुसऱ्याने कळ न हलवता तीच ओळ ऐकवावी. श्रोत्यांनी कोणती वायर ते कागदावर लिहावे. असे १६ वेळा. निव्वळ अंदाजाने १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शेकडा चारहून कमी. तेवढी आली तर आम्ही चूक कबूल करू.

उत्तर मिळाले की, असल्या गोष्टी उपकरणांनी मोजता येत नाहीत, त्याला तयार कान लागतो. अहो, या कसोटीत उपकरण कोणते? कानावाचून काहीच उरू दिलेले नाही. काढून घेतली आहे ती केवळ किंमत. तयार कानाला चिठ्ठी कशाला हवी? आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या आणि १९२९च्या ग्रंथात त्यांची उत्तरे मांडली, हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका बैठक क्रमांक झाकून तपासतो, आणि तो झाकला नसता तर आपला हात हलला असता, हेही मनातल्या मनात जाणतो. मग वायरीपुरतीच आपली इंद्रिये निष्पक्षपाती कशी झाली?

विद्यार्थी त्या बैठकीत मागच्या बाकांवर होते. त्यांच्यापैकी एकाने नंतर आम्हांला विचारले, "सर, मला फरक कळला नाही. माझा कान कच्चा आहे का?" ज्याने खरे ऐकले, त्यालाच खजील व्हावे लागले.

जुनी वायर आम्ही टाकलेली नाही. ती विभागाच्या कपाटात, खालच्या खणात आहे. नाणे आमच्याकडे आहे. चादर कोणी आणायची एवढेच ठरायचे आहे.