पाणथळात चर काढण्यापूर्वी



मागील गट बैठकीत एका सभासदाने मागणी मांडली, की नाल्याच्या वळणावरचे पाणथळ चर काढून कोरडे करावे आणि तेथे ऊस लावू द्यावा. माझे काम उसाचे क्षेत्र वाढविण्याचे. यंदाचा लक्ष्यांक अजून अपुरा आहे. तरी मी "थांबा" म्हणालो. त्यावर मागून आवाज आला, "साहेब, तुमाले ऊस पायजे का बगळे?" सगळे हसले, मीही हसलो. उत्तर राहून गेले ते येथे देतो.

ती जागा ई-क्लासची आहे. तेथील उसाची नोंद आपल्याला घेताच येणार नाही, हे एक. पण जागा खाजगी असती तरी मी तेथे बेणे टाका म्हटले नसते. पाणी साचलेल्या जमिनीत उसाची मुळी गुदमरते, कांडी बारीक पडते, उतारा येत नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात ज्यांचे सोयरे आहेत त्यांना बिघडलेली जमीन म्हणजे काय ते विचारावे.

आता पाखरांचे. कोजागिरी झाली की शेतभेटीला निघताना मी पहाटे अर्धा तास तेथे थांबतो. लांब लाल पायांचे शेकाट्ये, हळदीकुंकू बदके, काळे वारकरी, हे नेहमीचे. चक्रवाकाची नारिंगी जोडी लडाख-तिबेटाकडून येते व उन्हाळा लागताच परत जाते. गेल्या जानेवारीत तर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब उतरले. हिमालय ओलांडून येणारा हा हंस आपल्या नाल्यावर! दोन दिवस राहिले, तिसऱ्या दिवशी नव्हते. एकदा उसाच्या सरीतून रानमांजर निघाले, तोंडात हा एवढा उंदीर. मला पाहून ते थांबले, मग आपल्या वाटेने गेले. उंदीर मारायला भोवत्याही येतो, पाणगवतावरून अगदी खालून उडतो. नांगरामागे चालून हुमणीच्या अळ्या वेचणारे बगळे तर सर्वांनी पाहिले आहेत. त्यांची मजुरी कोणी दिली?

येथे माझी एक चूक सांगणे भाग आहे. २०१७ च्या पावसाळ्यात हुमणीसाठी मीच दाणेदार फोरेटची शिफारस केली होती. औषध पडले, आणि रात्री जोराचा पाऊस झाला. चौथ्या दिवशी पाणथळाच्या काठावर सात बगळे व दोन टिटव्या मेलेल्या दिसल्या. तपासणी झाली नाही, त्यामुळे पुरावा म्हणून मी ते सांगत नाही. पण ओल्या रानात फोरेट पाणपक्ष्यांना मारते, हे मला तेव्हा ठाऊक असायला हवे होते. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशभर बंदी आहे. कोणाच्या कोठीत जुना डबा असेल तर वापरू नका, नाल्यात तर मुळीच ओतू नका, मला कळवा.

ऊस आणि पाखरू एकत्र नांदत नाही असे म्हणणाऱ्यांनी निफाड तालुक्यात जावे. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात गोदावरी-कादवेचा गाळ साचून दलदल झाली. भोवती ऊस, द्राक्षे, बागाईत. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. आपले चार एकर तेवढे मोठे नाही, कबूल. पण मेळघाटात नोकरी केलेले, 'पक्षिकोश' लिहिणारे मारुती चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. आपल्या दारच्या जंगलात त्यांनी पाखरे पाहिली आणि आपण त्यांची नावेही विसरावीत, हे मला बरे वाटत नाही.

लगतच्या सभासदाची तक्रार मात्र खरी आहे. पाझराने त्यांचे अर्धा एकर चोपण होत चालले आहे. त्यासाठी पाणथळाचा काठ फोडायची गरज नाही. त्यांच्याच बांधाच्या आतून निचऱ्याचा चर काढावा. उताराची आखणी मी स्वतः करून देईन. काठालगतचे पाचट पेटवू नये, ते सरीत कुजवावे.

येत्या रविवारी पहाटे सहाला मी पाणथळावर आहे. ज्यांना यायचे त्यांनी फटफटी रस्त्यावरच उभी करावी, आणि कुत्रे घरी ठेवावे. बैठकीत मागून बोलणाऱ्या भाऊंनी अवश्य यावे, चहा माझ्याकडे.