सरकारी वकील खासदार झाले. आता वकिली कोणाची?



जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर चार जणांची नियुक्ती केली. त्यांत ॲड. उज्ज्वल निकम यांचे नाव आले आणि आपल्या सीमाभागातही मराठी घरांतून समाधान व्यक्त झाले. जळगावच्या कोर्टात वकिली सुरू केलेला मराठी माणूस देशाच्या वरिष्ठ सभागृहात जाऊन बसला, याचा आनंद आम्हालाही आहे. पण हार-तुरे झाले की हिशेब मांडायचा, ही आपल्या चळवळीची जुनी शिस्त आहे. ती पाळून चार गोष्टी स्पष्ट लिहीत आहोत.

निकमांचे कर्तृत्व कोणी नाकारू नये. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. शंभराहून अधिक आरोपींचा तो खटला टाडा न्यायालयात तेरा-चौदा वर्षे चालला. शेवटी शंभर आरोपी दोषी ठरले. इतकी वर्षे एका खटल्याला धरून राहणे येरागबाळ्याचे काम नव्हे. पुढे खैरलांजी, शक्ती मिल, कोपर्डी असे महाराष्ट्राला हादरवणारे खटले त्यांच्याकडे आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा खटला तर साऱ्या जगाने पाहिला. मे २०१० मध्ये कसाबला फाशीची शिक्षा झाली, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांनी ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. २०१६ साली निकमांना पद्मश्री मिळाली.

आता याच खटल्यातली दुसरी बाजू पाहा. कसाबबरोबर फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी होते. पुरावा पुरेसा नाही म्हणून ते दोघे सुटले आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची सुटका कायम ठेवली. ज्या देशावर एवढा मोठा हल्ला झाला, त्याच देशाच्या न्यायालयाने पुराव्याअभावी दोघांना सोडले, ही आपल्या न्यायव्यवस्थेची शान आहे. १९९३ च्या खटल्यातही तसेच. विशेष न्यायालयाने दिलेल्या फाशीच्या शिक्षांपैकी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केवळ याकूब मेमनची कायम केली, बाकीच्या जन्मठेपेवर आणल्या. सरकारी वकील कितीही नावाजलेला असो, त्याचे म्हणणे वरच्या कोर्टात पुन्हा तपासले जाते. तसेच असायला हवे.

सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नसतो आणि सत्तेवरच्या पक्षाचा तर मुळीच नसतो. खटला मागे घ्यायचा झाला तरी तो निर्णय कायद्याने त्याचा स्वतःचा असतो; वरून आलेला कागद कोर्टात पोचवणारा तो टपालवाला नव्हे. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला तर तोही त्याने न्यायालयापुढे ठेवायचा असतो. म्हणून त्याच्या शब्दाला वजन असते.

या वजनाला धक्का लागला तो बिर्याणीच्या गोष्टीने. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली, ही गोष्ट देशभर पसरली. त्यावर भाषणे झाली, मते मागितली गेली. मग २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत निकमांनीच सांगून टाकले की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि सरकारने ती दिलीही नव्हती. त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट तयार होत होती, ती मोडण्यासाठी आपण ती गोष्ट रचली. हेतू कोणताही असो, आमच्या मते हे सरकारी वकिलाला शोभणारे नव्हते. खटल्यात पुरावा भक्कम होता, त्याला अशा फोडणीची गरज नव्हती. स्वतःहून सांगितले हा त्यांचा मोठेपणा. पण तोवर ती गोष्ट गावोगाव पोचली होती.

त्यानंतर आले राजकारण. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने पूनम महाजन यांना बाजूला ठेवून उत्तर मध्य मुंबईची उमेदवारी निकमांना दिली. पूनमताईंचे वडील प्रमोद महाजन यांच्या खुनाचा खटला निकमांनीच चालवला होता, हा एक योगायोग. काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांनी त्यांचा १६,५१४ मतांनी पराभव केला. निवडणुकीसाठी त्यांनी सोडलेल्या खटल्यांवर राज्य सरकारने पुढच्याच महिन्यात त्यांची फेरनियुक्ती केली. त्यावर विरोधकांनी टीका केली, आणि ती टीका निव्वळ राजकीय म्हणून उडवून लावता येणार नाही. कालपर्यंत पक्षाच्या चिन्हावर मते मागणारा माणूस आज सरकारच्या वतीने उभा राहिला, तर आरोपीच्या आणि फिर्यादीच्याही मनात शंका येणारच. न्याय झाला पाहिजे आणि तो झालेला दिसलाही पाहिजे. म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे: संसदेचे सभासदत्व असेपर्यंत सरकारी वकिलाचे काम कोणीही करू नये. लोंढ्यातल्या रेल्वेवाल्या घरांना हे समजावून सांगायला नको. एक गाडी एका वेळी दोन रुळांवर धावत नाही.

राज्यघटनेच्या ८० व्या कलमात नियुक्त सभासदांसाठी साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा अशी चार क्षेत्रे दिली आहेत. वकिली त्यांत नाही. तेव्हा निकमांची नियुक्ती समाजसेवेच्या नावानेच समजायची. नियुक्त सभासदाला मतदारसंघ नसतो, मतदारांपुढे हात जोडावे लागत नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत तो पक्षात जाऊ शकतो. नंतर गेला तर सभासदत्व गमावतो. घटनाकारांची अपेक्षा अशी की या जागेवरचा माणूस कोणाचाही मिंधा नसावा.

इथे आपल्याला बॅ. नाथ पै आठवतात. त्यांचे शिक्षण बेळगावात झाले, मतदारसंघ राजापूर. १९५७ पासून ते लोकसभेत होते. सीमाभागातील एकही मत त्यांच्या पेटीत पडत नव्हते, तरी सीमाप्रश्न त्यांनी आपला मानला. १९७१ च्या जानेवारीत हुतात्मा दिनाच्या सभेसाठी ते बेळगावात आले आणि इथेच त्यांची प्राणज्योत मालवली. मतांचा हिशेब न ठेवता कायद्याचे ज्ञान कोणासाठी वापरायचे असते, हे त्यांनी दाखवले.

आपली आजची स्थिती काय आहे? २००८ च्या फेररचनेपासून लोंढा-खानापूरचा मतदार लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात जातो. त्या अवाढव्य मतदारसंघात आपली मते कुठे विरतात ते कळतही नाही. २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याला वीस वर्षे उलटून गेली. शंभराहून अधिक आरोपींच्या खटल्याचा निकाल तेरा-चौदा वर्षांत लागला. ८६५ गावांचा मात्र लागत नाही. तारखांवर तारखा पाहत आपली एक पिढी संपली.

न्यायप्रविष्ट विषयावर सभागृहात बोलण्याला मर्यादा आहेत, हे निकम आमच्यापेक्षा चांगले जाणतात. त्यांनी ८६५ गावांचा निवाडा राज्यसभेत करावा, असे आम्ही म्हणत नाही. पण भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क हा विषय कोर्टाच्या निकालासाठी अडून बसलेला नाही. कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. कलम ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याविषयी आहे. कलम ३५० ख प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमायचा, त्याने राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा आणि ते अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचे आहेत. मग एवढेच विचारा: शेवटचा अहवाल कोणत्या वर्षाचा होता? तो सभागृहापुढे केव्हा आला? त्यात सीमाभागातील मराठी शाळांबद्दल आणि सरकारी कागदपत्रांबद्दल काय लिहिले आहे? त्यावर चर्चा झाली का? साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना सरकारला हे चार प्रश्न विचारणे अवघड नाही.

जबाबदारी आपलीही आहे. नुसते ‘मराठी माणूस दिल्लीत गेला’ म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही. निकम पुराव्यावर चालणारे वकील आहेत. त्यांच्याकडे भावना घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा. तुमच्या गावातील मराठी शाळेत किती शिक्षक हवेत आणि किती आहेत, मराठीत दिलेला कोणता अर्ज कोणत्या तारखेला परत आला, उताऱ्यावर कोणती भाषा आहे, हे तारीख-वारासह लिहून काढा. जुन्या घरांतून दप्तरे आहेत, १९५६ च्या आधीचे मराठी कागद आहेत. त्यांच्या नकला काढून ठेवा. अर्ज मराठीतच द्या आणि पोच घ्या.

उज्ज्वल निकमांनी आजवर सरकारची बाजू मांडली. राज्यसभेत सरकारकडे माणसांची वाण नाही. वाण आहे ती ज्यांची बाजू मांडायला कोणी नाही, त्यांच्या वकिलांची. खासदार म्हणून त्यांची कसोटी आम्ही यावरच लावू.

जय महाराष्ट्र!