सेन्सरचा आकडा कामगाराला दिसणार का?

21 ऑगस्ट 2025 रोजी बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील मेडली फार्मास्युटिकल्समध्ये वायुगळती झाली आणि चार कामगारांचा जीव गेला. सुरुवातीला प्रशासनाने नायट्रोजनचे नाव सांगितले. ही तीच वसाहत आहे, जी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात 93.69 गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली होती.

अशा घटनेनंतर 'आधुनिक सेन्सर बसवा' ही मागणी होते. त्यात ग्राफीनचे नाव हल्ली पुढे असते. ग्राफीन म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर. 2004 साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी तो वेगळा केला. 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. यातला प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो. अमोनियाचा रेणू चिकटला की तो इलेक्ट्रॉन देतो, नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू काढून घेतो. त्यामुळे थराचा विद्युतरोध बदलतो आणि वायूची चाहूल लागते. 2007 मध्ये प्रयोगशाळेत वायूचा एकेक रेणू टिपला गेला.

पण कारखाना म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. पालघरच्या किनारपट्टीची दमट हवा आणि एकाच शेडमधली अनेक रसायने यांत नेमका वायू ओळखणे अवघड जाते. साध्या नायट्रोजनपुढे तर हा सेन्सर जवळपास निरुपयोगी आहे. तो वायू निष्क्रिय असतो, त्याला वासही नसतो. तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणूस कोसळतो. तिथे ऑक्सिजन मोजणारे साधे यंत्र लागते, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली गेला की बाहेर पडायचे. असे खिशाला लावायचे यंत्र आजही बाजारात मिळते.

म्हणून खरा प्रश्न असा आहे: आकडा कोणाला दिसतो? भोपाळनंतर 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री राहिलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी तरी हा हक्क कागदावर राहू देऊ नये. केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. 'सर्व सुरक्षित आहे' हे वाक्यही तसेच तपासायचे.

तरुणांनी तीन मागण्या लावून धराव्यात. प्रत्येक विभागात कोणते वायू आहेत, त्याची यादी मराठी-हिंदीत दारावर लावा. ठेकेदाराच्या कामगारालाही मोजमाप यंत्र द्या. आणि गजर झाल्यावर बाहेर पडणाऱ्याचा रोज कापू नका. ग्राफीन येईल तेव्हा येईल. या तीन गोष्टींसाठी त्याची वाट पाहावी लागत नाही.

जय भीम, नमो बुद्धाय.