चार पायांची बँक

बत्तीस वर्षे बँकेत काढली. या काळात तारण म्हणून काय काय पाहिले! पाटल्या पाहिल्या, विम्याच्या पॉलिसी पाहिल्या, नांगरटीत अर्धी झिजलेली ट्रॅक्टरची चाके पाहिली. पण एखाद्या देशातल्या खेडुतांची सगळी शिल्लक डुकराच्या रूपाने घरामागे मोकळी हिंडत असते, हे मला निवृत्तीनंतर हैतीविषयी वाचायला लागलो तेव्हा समजले. वाचता वाचता आपल्याच एका जुन्या सहीची आठवण होऊन मन खट्टू झाले. ती गोष्ट पुढे सांगतोच.

हैती हा कॅरिबियन समुद्रातला, क्यूबाशेजारचा डोंगराळ देश. ‘डोंगरामागे डोंगरच’ अशी तिथली म्हणच आहे. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांनी बंड करून १८०४ साली हा देश स्वतंत्र केला. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून नुकसानभरपाईची मागणी केली. आकडा होता १५ कोटी फ्रँक, तो पुढे ९ कोटींवर आला. म्हणजे सुटलेल्या गुलामांनी जुन्या मालकांना भरपाई द्यायची! त्यासाठी हैतीला फ्रेंच सावकारांकडूनच कर्ज काढावे लागले आणि ते देणे फिटायला १९४७ साल उजाडले. खेड्यात ना रस्ता ना शाळा, मग बँकेची शाखा कुठून असणार?

ती जागा भरून काढली होती क्रेओल डुकराने. काळे, लहान चणीचे आणि विलक्षण काटक असे हे जनावर. उष्टे-खरकटे, गळून पडलेले आंबे, मुळे, किडे यांवर ते पोसले जाई. मुलाच्या शाळेची फी आली, घरात दुखणे निघाले, लग्न ठरले, कुणी वारले, की एक डुक्कर विकायचे. पिल्ले होत ते व्याज. चलन घसरले तरी ठेव बुडत नसे.

१९७८ साली शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला आणि लवकरच हैतीत शिरला. माणसाला हा रोग होत नाही, पण डुकरांमध्ये तो वणव्यासारखा पसरतो आणि त्यावर लस नव्हती. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांना आपापल्या वराहपालनाची काळजी वाटणे स्वाभाविक होते. त्यांच्या पैशाने मोहीम निघाली आणि १९८३ पर्यंत हैतीतली सगळी डुकरे संपवण्यात आली. भरपाईचे आश्वासन होते, पण ती अनेकांच्या हातात पडलीच नाही. नंतर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून गोरीगोमटी, धष्टपुष्ट डुकरे आणली गेली. त्यांना स्वच्छ पाणी हवे, विकतचे खाद्य हवे, सिमेंटची फरशी हवी, वर छप्पर हवे. ज्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या घराला मातीची जमीन, तो डुकराला फरशी कुठून घालणार? लोकांनी त्यांचे नाव ठेवले, ‘चार पायांचे राजपुत्र’. पुढे काही वर्षांनी फ्रेंच आणि हैतीयन तज्ज्ञांनी जुन्या डुकराशी मिळतीजुळती संकरित जात तयार केली. पण तोवर अनेक घरांची आयुष्यभराची पुंजी गेली होती.

आता माझी सही. ऐंशीच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखा सांभाळत होतो. सरकारी योजनेतून संकरित गायी वाटायच्या होत्या आणि मार्चअखेर उद्दिष्ट गाठायचे होते. लाभार्थींच्या यादीतली एक विधवा बाई काउंटरपाशी येऊन म्हणाली, “सायेब, गाय चांगली हाय, पण तिला खायाला काय घालू? त्यापरीस मला दोन शेळ्या द्या की.” मी म्हटले, “मावशी, या यादीत शेळ्या बसत नाहीत.” तिला गाय मिळाली. त्या उन्हाळ्यात चारा महागला, गाय आटली आणि मावशींनी ती बाजारात मिळेल त्या किमतीला विकली. कर्ज थकले. वसुलीच्या कागदावर कारण लिहायचा रकाना होता. त्यात मी लिहिले, ‘हेतुपुरस्सर कसूर’. आणि खाली सही केली.

म्हणूनच हैतीच्या मध्य पठारावरच्या पापाय या गावची हकिगत मला महत्त्वाची वाटते. १९७३ साली शावान जाँ-बाप्तिस्त या शेतीतज्ज्ञाने तिथे शेतकऱ्यांची चळवळ सुरू केली. त्याने आधी गावात काय आहे ते पाहिले. तिथे ‘कोंबित’ होते, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझे शेत, उद्या माझे. आपल्याकडे याला सावड म्हणतात, इर्जिक म्हणतात. हैतीतल्या बाया चालवतात ती ‘सोल’ म्हणजे तर थेट आपली भिशी. अशा सवयीच्या माणसांचे छोटे छोटे गट बांधून त्याने काम उभे केले. उघड्याबोडक्या डोंगरांवर झाडे लावायची, उतारावरची माती अडवायची, घराभोवती भाजी पिकवायची, जागा नसेल तर जुन्या टायरमध्ये माती भरून पिकवायची. १९९१ च्या लष्करी उठावानंतर या चळवळीची कचेरी लुटली गेली, कार्यकर्त्यांना लपावे लागले. तरी गट मोडले नाहीत. २००५ मध्ये जाँ-बाप्तिस्त यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०१० च्या भूकंपाने राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाल्यावर जी माणसे पठारावर परतली, त्यांच्यासाठी चळवळीने दहा-दहा कुटुंबांच्या वस्त्या वसवल्या.

त्याच वर्षी मोन्सँटो कंपनीने मका आणि भाजीपाल्याचे सुमारे ४७५ टन संकरित बियाणे भेट म्हणून देऊ केले. जूनमध्ये शेतकऱ्यांनी जवळच्या एन्श शहरात मोर्चा काढून त्यातले थोडे बियाणे जाळले. भूकंपात सर्वस्व गेलेल्या माणसांनी फुकटचे बियाणे जाळावे? बाहेरच्यांना हा कृतघ्नपणा वाटला असेल. पण संकरित मक्याचे घरचे बी पुढच्या हंगामाला तसेच उतरत नाही, दरवर्षी विकत घ्यावे लागते. डुकरांच्या वेळी पोळलेले लोक होते ते.

याचा अर्थ बाहेरची मदत नको, असा मुळीच नाही. फाँकोझे या १९९४ मध्ये स्थापन झालेल्या हैतीच्या संस्थेचे उदाहरण पाहा. ती बायकांना गटाने छोटी कर्जे देते. पण सर्वांत गरीब बाईला कर्ज झेपत नाही, उलट बुडवते, हे तिच्या ध्यानात आले. मग बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेचा अनुभव घेऊन तिने वेगळा कार्यक्रम आखला. गावकऱ्यांनाच विचारून सर्वांत गरीब घरे निवडायची. कर्ज द्यायचे नाही, शेळ्या किंवा कोंबड्या द्यायच्या, सुरुवातीचे काही महिने हातखर्चाला थोडे पैसे द्यायचे, घरावर पत्रा, संडास, पाण्याचा फिल्टर यांना हातभार लावायचा. आणि मुख्य म्हणजे अठरा महिने दर आठवड्याला संस्थेचा माणूस त्या बाईच्या घरी जातो.

दर आठवड्याला! मी मावशींच्या घरी एकूण दोनदा गेलो. एकदा गायीच्या कानातला विम्याचा बिल्ला तपासायला आणि एकदा नोटीस द्यायला.

आज हैतीची स्थिती बिकट आहे. २०२१ च्या जुलैत राष्ट्राध्यक्षांचा खून झाला, टोळ्यांचे राज्य वाढत गेले. २०२५ च्या मार्चअखेर टोळ्यांनी पठारावरच्या मिरबाले शहरावर हल्ला केला आणि २०१३ मध्ये तिथे सुरू झालेल्या मोठ्या रुग्णालयाला दारे बंद करावी लागली. बंदुकीपुढे सावड किती टिकणार, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे नाही. गाव सोडून पळताना झाडे आणि बांध बरोबर नेता येत नाहीत. पण एकत्र राबायची आणि भिशी चालवायची रीत माणसांबरोबर जाते. उद्या शांतता आली तर पुन्हा उभारणी तिथूनच होईल, आणि तेव्हा बाहेरच्या पैशाची गरज लागेलच. तो पैसा कसा येतो, हा खरा प्रश्न आहे.

आपणही रविवारची वर्तमानपत्रे वाचून कुठल्या गावासाठी चेक पाठवतो, कुणी गाव दत्तक घेतो, कुणी शाळेला संगणक देतो. भावना चांगलीच असते. माझीही होती. फक्त आधी त्या गावातल्या सर्वांत गरीब बाईला विचारावे की तुला काय हवे. ती ‘दोन शेळ्या’ म्हणाली, तर यादी बदलावी.