गवयाने लिहिते व्हावे

गेल्या महिन्यात काकतीहून एक चार पानांचे पत्रक निघाले. त्याला संपादक मंडळ नाही, जाहिरात नाही, वर्गणी नाही. पहिल्या पानावर जौनपुरी रागाविषयी थोडा मजकूर, मधल्या दोन पानांवर एका बंदिशीचे स्वरलेखन, आणि शेवटच्या पानावर ती बंदिश कुणाकडून मिळाली व तिच्यात शंका कोठे आहे, याची नोंद. प्रती दोनशे. पत्रक काढणारा तरुण सव्वीस वर्षांचा आहे. दिवसा तो बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो आणि संध्याकाळी माझ्याकडे गाणे शिकतो. त्याच्या पाठीशी ना संस्था, ना घराण्याचे नाव. हल्लीच्या भाषेत तो ‘स्वतंत्र कलाकार’. माझ्या वडिलांच्या पिढीला हा शब्द नवलाचा वाटला असता. त्यांच्या काळी गवई कुणाचा तरी असे. दरबाराचा, देवस्थानाचा, नाही तर नाटक मंडळीचा.

काकती हे बेळगावहून कोल्हापूरकडे येताना महामार्गावर लागणारे गाव. कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे हे जन्मगाव. येथे मराठी आणि कानडी एकाच ओट्यावर बसून बोलतात आणि भजनाला पेटी-पखवाज निघाला की भाषेचा प्रश्न कुणी काढत नाही. कोल्हापूरचे बिऱ्हाड हलवून मी येथे शिकवू लागलो त्याला अकरा वर्षे झाली. या पत्रकाला मी प्रथम विरोध केला होता. तो का केला आणि का मागे घेतला, हे सांगायचे तर थोडे घरचे सांगावे लागेल.

माझे वडील दरबारी गवई होते. कोल्हापूर संस्थान १९४९ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. दरबार मी पाहिला नाही. दरबारातून घरी आलेल्या सवयी मात्र पाहिल्या. वडील रियाझाला बसले की दार लोटलेले असे. कुणी परके आले की ते अस्ताईवरच घोळत राहत. अंतऱ्याला हात लावत नसत. “मुखडा लोकांचा, अंतरा घरचा,” असे ते म्हणत. कुणी बंदिश लिहून मागितली तर त्याला चहा पाजून, चार गमतीच्या गोष्टी सांगून वाटेला लावत. यात कंजूषपणा होता असे मी म्हणणार नाही. कुळाला जशी जमीन, तशी गवयाला बंदिश. ती दुसऱ्याच्या गळ्यात गेली तर आपल्याला बोलावणार कोण, ही भीती खरीच होती.

ते गेल्यावर ट्रंकेत एक वही मिळाली. तिच्यात ६१ बंदिशींची नोंद आहे. राग, ताल आणि बंदिशीचे पहिले तीन-चार शब्द. त्यापुढे काही नाही. स्वतःला आठवण राहावी एवढ्यापुरतीच ती वही होती. त्या ६१ पैकी २९ मला येतात. उरलेल्या ३२ येत नाहीत. त्यांचे मुखड्याचे शब्द तेवढे हाती आहेत; चाल नाही, अंतरा नाही. वडिलांजवळ शिकलेले जे दोघे-तिघे होते, तेही आता हयात नाहीत. दोष सगळा वडिलांना देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. मी वीस वर्षे त्यांच्या शेजारच्या खोलीत होतो. मी विचारले नाही.

तेव्हा पत्रकात छापण्यासाठी विद्यार्थ्याने जेव्हा त्या २९ मधलीच एक बंदिश मागितली, तेव्हा माझ्या तोंडून वडिलांचेच उत्तर गेले. ही गुरुमुखी विद्या आहे, ती कागदावर येत नाही, आणि आली तर बाजारात जाते, असे मी म्हणालो. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, न छापल्यानं बत्तीस गेल्या की. छापल्यानं एक तरी गेली काय?”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

आपल्या या टापूचा इतिहास पाहिला तर त्या मुलाने नवीन काही केले असेही नाही. कुरुंदवाड येथून फार दूर नाही. तेथे १८७२ साली विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. लहानपणी फटाक्याने त्यांची दृष्टी अधू झाली आणि शाळेचा मार्ग खुंटला, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकू लागले. मिरजेच्या अधिपतींचा त्यांना आश्रय होता. गावातील एका समारंभाला या शिष्याला निमंत्रण आले आणि गुरूला आले नाही, कारण गुरू ‘नुसते गवई’. ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली, असे सांगतात. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि तेथून ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिक चालवले. स्वतःची स्वरलिपी बसवली, पुस्तके लिहिली, ती छापण्यासाठी छापखानाही घातला. बाळकृष्णबुवांनीसुद्धा पूर्वी मुंबईत ‘संगीत दर्पण’ हे मासिक काही काळ चालवले होते. म्हणजे दार लोटून गाणाऱ्या त्या काळातही, आपले आपण लोकांपुढे मांडावे असे वाटणारे गवई होते; आणि तेही अव्वल दर्जाचे.

याची दुसरी बाजू आपल्याच शहरात घडली. १८९५ पासून शाहू महाराजांच्या पदरी असलेले अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मंजी खाँ, भुर्जी खाँ आणि त्या दोघा पुत्रांकडे शिकलेले धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गळ्यांतून आपण ती गायकी अनुमानाने ओळखतो. शिष्य असे मिळाले म्हणून गायकी तगली. ज्याला असे शिष्य मिळाले नाहीत, त्याचे काय राहिले? पण खाँसाहेबांनीही अखेरच्या काळात आपली जीवनकथा नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगून ठेवली. ती पुस्तकरूपाने पुष्कळ वर्षांनी आली, तरी आली. इकडे मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब ध्वनिमुद्रिका देऊन १९३७ साली गेले, आणि आज त्यांचा आवाज कोणत्याही घरात ऐकू येऊ शकतो. गोविंदराव टेंब्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ साली लिहिले नसते, तर त्या काळच्या बैठकी आपल्याला कशा दिसल्या असत्या? आणि बेळगावजवळच्याच सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी स्वतःच्या बंदिशी स्वरलेखनासह ‘अनूपरागविलास’मध्ये १९६५ साली छापून सर्वांपुढे ठेवल्या. त्या छापल्याने कुमार लहान झाले नाहीत, की त्या बंदिशी स्वस्त झाल्या नाहीत.

माझ्या व्यवसायातले काही ज्येष्ठ याला तीन आक्षेप घेतात. पहिला असा, की कागद म्हणजे गाणे नव्हे. मान्य. गंधार किती उतरवायचा, श्वास कोठे घ्यायचा, हे कागद सांगत नाही. पण आता ज्याच्या त्याच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे साधन आहे. स्वरलेखनाशेजारी तीच बंदिश एकदा साधेपणाने गाऊन ठेवली, तर कागदाची उणीव बरीच भरून निघते. त्यावरून कुणी गवई होणार नाही हे खरे; पण होऊ पाहणाऱ्याला निदान वाट सापडेल.

दुसरा आक्षेप चोरीचा. चोरी निनावी मालाची सोपी असते. कोणती बंदिश कुणाची, ती कोणत्या साली कुणाकडून कुणाला मिळाली, हे छापून ठेवणे हाच तिच्यावर आपला शिक्का. १९५७ च्या कायद्याने रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि २०१२ च्या दुरुस्तीने गायक-वादकांचे हक्कही अधिक पक्के केले आहेत. पण रचना आपली आहे हे दाखवायला काही पुरावा नको काय? दार लोटून गायलेल्या अंतऱ्याची साक्ष कोण देणार?

तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: हा आत्मप्रौढीचा धंदा आहे. गवई स्वतःविषयी बोलू लागला की कोठे थांबेल याचा नेम नाही. आज गावोगाव जे फलक लागतात त्यांवर प्रत्येकजण ‘सुप्रसिद्ध’ असतो आणि सभागृह निम्मे रिकामे असते. आश्रयदाता गेला, तेव्हा आपली ओळख करून देण्याचे काम गवयाच्याच अंगावर पडले, हे खरे. परंतु ओळख आणि जाहिरात यांत फरक आहे. मी किती मोठा, हे सांगितले की जाहिरात झाली. मला हे कुणी दिले, मी ते कसे समजलो, कोठे अडलो, हे सांगितले तर ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडते, आणि सांगणाऱ्याची योग्यता त्यातच कळून येते. म्हणून मी विद्यार्थ्याला अट घातली, की स्वतःचे छायाचित्र आणि विशेषणे नकोत. शंका मात्र लपवायच्या नाहीत. जौनपुरीच्या त्या अंतऱ्यातला एक शब्द मला दोन प्रकारे आठवतो. दोन्ही छापले.

आणखी एक सावधगिरी पैशाची. विष्णु दिगंबरांचे उदाहरण डोळ्यांपुढे असावे. मुंबईत एवढे मोठे काम उभे केले, पण इमारतीचे कर्ज अंगावर आले आणि १९२४ साली तिचा लिलाव झाला. विद्या बुडाली नाही. शिष्यांनी गावोगाव ती नेली आणि त्यांच्या मागून निघालेल्या मंडळाने पुढे ‘संगीत कला विहार’ मासिकही काढले. पण कर्जाने त्या माणसाला सोसावे लागले ते लागलेच. आपल्या तरुण कलाकाराने पगारात बसेल तेवढेच करावे. चार पाने पुरेत. दर महिन्याला ठरल्या दिवशी निघाली पाहिजेत, एवढे पाहावे. पहिला अंक थाटाचा आणि तिसरा बेपत्ता, अशी नियतकालिके आपण खूप पाहिली.

भाषेचाही प्रश्न निघाला. मी म्हटले, मराठीत काढ. तो म्हणाला, निम्मे भजनी तर घरी कानडी बोलतात, त्यांनी काय करायचे? शेवटी मजकूर मराठीत आणि रागाची टीप दोन्ही भाषांत, असे ठरले. मन्सूरांनी आपली कहाणी कानडीत लिहिली, त्यांचे गुरू मात्र कोल्हापूरच्या दरबारी गवयाचे पुत्र. हे ज्याला ठाऊक आहे, त्याने या व्यवस्थेला नाक मुरडू नये.

आता त्या बत्तीस मुखड्यांविषयी. परवानगी देताना मीच विद्यार्थ्याला सांगितले, की शेवटच्या पानावर जागा उरली तर वडिलांच्या वहीतले ते ३२ मुखडे, राग-तालासह, ओळीने छाप. आणि खाली लिही, की कुणास येत असल्यास कळवावे. आपले दारिद्र्य असे चव्हाट्यावर मांडताना मला संकोच झाला. पण पंधरवड्यात निपाणीहून एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. ते तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते. त्यांचे चुलते कोल्हापुरात पेटीची साथ करीत. यादीतला एकोणिसावा मुखडा चुलत्यांच्या तोंडी असे, असे सांगून त्यांनी थरथरत्या आवाजात चार ओळी म्हणून दाखवल्या. आवाज फुटत होता, ताल सुटत होता; पण मुखडा तोच होता आणि त्याच्यापुढे अंतरा होता.

तो वडिलांचाच अंतरा आहे काय, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. साथीदाराने ऐकून धरलेला, पुतण्याने आणखी वर्षांनी आठवलेला. मधे काय सुटले, काय मिसळले, कोण जाणे. पुढल्या अंकात तो याच शब्दांत छापला जाईल. मात्र माझ्यापुरते बत्तीसचे एकतीस झाले आहेत. दार लोटून बसलो असतो तर तेही झाले नसते.

म्हणून या पानाच्या वाचकांना एक विनंती. या शहरातली तुमची घराणी जुनी आहेत. तुमच्या दिवाणखान्यांत बैठकी झाल्या आहेत, तुमच्या आजोबांनी गवयांना बिदागी दिली आहे, आज्यांनी पडद्यामागून गाणे ऐकले आहे. दिवाळीत माळे झाडताना जुन्या ट्रंका खाली येतील. त्यांत एखादी गाण्याची वही, बैठकीचा हस्तलिखित कार्यक्रम, बिदागीच्या हिशेबाचा कागद किंवा कुणा बुवांचे पत्र निघाले, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उलटून पाहा. आणि घरात कुणी ऐंशी वर्षांचे माणूस कामाच्या नादात जुनी चाल गुणगुणत असेल, तर त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, की याचा अंतरा काय.