दाद

फ्लामेंको म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. लाल घोळदार झगा, केसांत फूल आणि पाय आपटीत नाचणारी स्त्री! माझ्याही मनात तेच चित्र होते. परंतु स्पेन देशातील ग्रानादा शहरात एका लहानशा जागी बसून मी हा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिला आणि ते चित्र पुसले गेले. त्या रात्री मला एक गोष्ट पटली. लोकांची कला केवळ कलावंतांमुळे जगत नाही. तिला समजून दाद देणारा श्रोता मिळाला, तरच ती जगते.

ग्रानादा म्हणजे तेच शहर, ज्याला उर्दूत गरनाता म्हणतात. 1492 पर्यंत तेथे मुसलमान सुलतानांचे राज्य होते. एका टेकडीवर अल-हमरा हा त्यांचा तांबूस रंगाचा किल्ला आजही उभा आहे. समोरच्या टेकडीवर अल्बाइसीन नावाची जुनी वस्ती आहे. तेथील अरुंद, दगडी गल्ल्यांतून वाट काढीत मी त्या जागी पोहोचलो. अशा जागेला ताब्लाओ म्हणतात. स्पॅनिश भाषेत ताब्ला म्हणजे लाकडी फळी. फळ्यांचा रंगमंच असतो, म्हणून हे नाव पडले.

रंगमंच दोन खाटांएवढा होता. समोर चाळीस-पन्नास खुर्च्या होत्या. पडदा नव्हता, ध्वनिवर्धकही नव्हता. चार माणसे आली आणि साध्या खुर्च्यांवर बसली. एक गायक, एक गिटारवादक, एक टाळ्या वाजवणारा आणि एक नर्तकी. नर्तकी लगेच उठून नाचेल असे मला वाटले होते. पण ती शांतपणे बसून राहिली. गायकाने डोळे मिटले आणि गिटारच्या साथीशिवाय गायला सुरुवात केली. या प्रकाराला मार्तिनेते म्हणतात. मार्तिनेते म्हणजे हातोडा. लोहाराच्या भट्टीशी या गाण्याचे नाते आहे. गायकाचा आवाज गोड नव्हता. तो खरखरीत होता, मध्येच फाटत होता. शब्द मला कळत नव्हते. तरीही त्यातले दुःख कळायला दुभाष्याची गरज पडली नाही. फ्लामेंकोचा पाया नाच नसून गाणे आहे, हे मला तेव्हा समजले.

एका ठिकाणी गायकाने सूर लांबवला आणि हळूच खाली आणला. त्याच क्षणी माझ्या मागे बसलेली एक म्हातारी बाई हलक्या आवाजात म्हणाली, "ओले!" ती ओरडली नाही. मुशायऱ्यात एखादा जाणकार चांगल्या शेरावर "वाह!" म्हणतो, अगदी तसेच ते होते. गायकाने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले. पुढची ओळ त्याने अधिक जोमाने गायली.

नंतर गिटार वाजू लागली आणि नर्तकी उठली. तिच्या बुटांच्या टाचांना व पुढच्या टोकांना खिळे ठोकलेले होते. फळ्यांवर त्यांचा नाद घुमू लागला. मला राहवले नाही. मीही टाळ्या वाजवू लागलो. तोच शेजारच्या गृहस्थांनी माझ्या मनगटावर हलकेच हात ठेवला आणि हसून मान हलवली. मी ओशाळलो. पुढे मला त्याचे कारण समजले. फ्लामेंकोच्या अनेक प्रकारांत बारा मात्रांचे चक्र असते. एक ते बारा मोजा आणि 3, 6, 8, 10 व 12 या आकड्यांवर जोर द्या. म्हणजे सोलेआ या प्रकाराची चाल तुमच्या लक्षात येईल. तेथे टाळी हे एक वाद्यच आहे. चुकीच्या ठिकाणी वाजवलेली टाळी नर्तकीचे पाऊल चुकवू शकते. दाद देणे सोपे नसते, तेही शिकावे लागते. हा धडा मला त्या परक्या गृहस्थांनी एक शब्दही न बोलता दिला.

माझ्या पुढे एक तरुण बसला होता. त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत मोबाइल उंच धरला होता. सारा कार्यक्रम त्याने घरी नेला असेल. पण त्याने एकदाही "ओले" म्हटले नाही. गायकाची नजर त्याच्याकडे गेली, तेव्हा तिला त्याचे डोळे दिसले नाहीत, फक्त काच दिसली.

ही कला ज्यांनी सांभाळली, त्यांची हकिकत ऐकण्यासारखी आहे. फ्लामेंको स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांतात वाढले. तेथील शेतकरी-कामकऱ्यांच्या गाण्यांचा त्यात वाटा आहे. परंतु सर्वांत मोठा वाटा हितानो नावाच्या जमातीचा आहे. हे लोक पंधराव्या शतकात स्पेनमध्ये आले. ते इजिप्तमधून आले असावेत अशा समजुतीने त्यांना हे नाव मिळाले. खरे पाहता त्यांचे पूर्वज भारतातून गेले होते. भाषेच्या अभ्यासकांनी हे अठराव्या शतकात ओळखले. या लोकांच्या बोलीत पाण्याला 'पानी' असाच शब्द आहे. उर्दूतले पानी, मराठीतले पाणी आणि ग्रानादाच्या टेकडीवरचे पानी हे एकाच घरचे शब्द आहेत!

मात्र एवढ्यावरून फ्लामेंको आपल्याकडून तिकडे गेले, अशी बढाई मारू नये. कथकमध्ये आणि फ्लामेंकोत पायांचे काम असते, हे खरे. पण दोन कला सारख्या दिसल्या म्हणून एकीतून दुसरी जन्मली असे ठरत नाही. हितानोंनी जे गायले, ते स्पेनमध्ये भोगलेल्या दुःखातून गायले. 1749 साली राजाच्या हुकमाने हजारो हितानोंना एकाच वेळी पकडण्यात आले. पुरुषांना स्त्रियांपासून वेगळे करून सक्तमजुरीला धाडले. ज्यांना समाजाने दूर लोटले, त्यांचे गाणे आज त्याच देशाची ओळख बनले आहे. 2010 साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

काही लोक म्हणतात, ताब्लाओतील फ्लामेंको खरे नव्हे. ते प्रवाशांच्या पैशासाठी केलेले प्रदर्शन आहे. खरे गाणे घरात, लग्नात, सणात होते. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. काही ठिकाणी घाईघाईने, यंत्रासारखा नाच केला जातो. परंतु पैसा आला की कला खोटी होते, हे म्हणणे मला मान्य नाही.

याविषयी ग्रानादाचाच एक किस्सा सांगतो. तेथे 13 व 14 जून 1922 रोजी अल-हमराच्या प्रांगणात जुन्या गाण्यांची एक स्पर्धा झाली. संगीतकार मानुएल दे फाया आणि कवी फेदेरिको गार्सिया लोर्का हे तिच्या पुरस्कर्त्यांपैकी होते. पैशासाठी गाणाऱ्यांमुळे जुने गाणे बिघडत चालले आहे, अशी त्यांना भीती वाटत होती. म्हणून 21 वर्षांवरील व्यावसायिक गायकांना स्पर्धेत प्रवेश नव्हता. दिएगो बेर्मुदेस नावाच्या एका वृद्ध गायकाला बक्षीस मिळाले. त्याच्याबरोबर मानोलो काराकोल या बारा वर्षांच्या मुलाचाही गौरव झाला. पुढे हाच मुलगा मोठा व्यावसायिक गायक झाला. आणि 1963 साली त्याने माद्रिद शहरात स्वतःचा ताब्लाओ उघडला! ज्या स्पर्धेने व्यावसायिकांना दाराबाहेर ठेवले, तिचाच बालविजेता ताब्लाओचा मालक झाला. म्हणून त्याचे गाणे खोटे ठरले काय? स्पेनमधील रसिक आजही त्याचे नाव आदराने घेतात.

कलावंतालाही पोट असते. तो पैसे घेतो, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कला बिघडते ती ऐकणारे आळशी झाले म्हणजे. समोरच्याला काहीच कळत नाही, असे एकदा कलावंताला वाटले की तोही कसेबसे काम उरकतो. याउलट एक जाणकार म्हातारी बाई मागच्या रांगेत बसलेली असली, तरी त्याला मन लावून गावे लागते. ग्रानादातील रसिकांनी हे ओळखले होते. 1949 साली त्यांनी ला प्लातेरिया नावाचे मंडळ स्थापन केले. एकत्र बसून चांगले गाणे ऐकावे, हा त्यामागचा हेतू होता. गायकांची मंडळे सगळीकडे असतात. श्रोत्यांनी आपले मंडळ काढावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कार्यक्रम संपला. लोक उठले. मी मागे वळून पाहिले, तर ती म्हातारी बाई अजून बसली होती. गायक रंगमंचावरून उतरला, तिच्याजवळ आला आणि वाकून तिच्याशी दोन शब्द बोलला. त्या मोबाइलवाल्या तरुणाच्या चित्रफितीत हा प्रसंग नसेल, कारण तो तेव्हा निघून गेला होता.

आपल्या गावातही कधी कव्वाली, कधी मुशायरा, कधी शाहिराचा पोवाडा होत असतो. तेथे जावे, जवळ बसावे, नीट ऐकावे. पहिल्या दिवशी टाळी चुकली तरी चालेल. ती पुन्हा चुकू नये म्हणून दुसऱ्या दिवशीही जावे. गाणे गायकाच्या गळ्यात जन्मते. पण ते वाढते ऐकणाऱ्याच्या कानात.