तुमचे प्रश्न : प्रभातची रिळे

या वेळी पिकांच्या प्रश्नांबरोबर प्रभातच्या चित्रपटांविषयीही पत्रे आली आहेत. त्यांतील तीन प्रश्न घेतो.

प्रश्न : प्रभात कंपनी कोणी व कोठे काढली?
उत्तर : १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे पाच भागीदार. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. त्याच जागेत १९६० पासून चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था आहे.

प्रश्न : मूळ रिळे टिकली का नाहीत?
उत्तर : त्या काळची फिल्म नायट्रेटची. कापसातील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ती बने. ती चटकन पेट घेते. उष्ण, दमट जागी चिकट होऊन सडते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा रिळांच्या कोठारास आग लागली आणि प्रभातची कित्येक मूळ रिळे गेली. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवल्या होत्या, ते चित्रपट वाचले. सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवू नये, ते याचसाठी.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत सिनेमाच्या गाण्यांची पुस्तिका व फोटो सापडले. काय करावे?
उत्तर : कोरड्या, हवेशीर जागी, जमिनीपासून उंच ठेवा, म्हणजे ओल व वाळवी लागणार नाही. फाटले असल्यास चिकटपट्टी लावू नका. फोटोमागे पेन्सिलीने नाव व साल लिहा. रीळ सापडल्यास दिव्याजवळ, चुलीजवळ मुळीच नेऊ नका. रद्दीत घालण्यापूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवा. १९६४ पासून हेच त्याचे काम आहे.